थंडीतले मानकरी: धुंधुरमास ते रथसप्तमी, घरातल्या लहानग्यांसाठी

एका आईने विचारलं आहे: मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीच. दोघंही आई-वडील नोकरी करणारे, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर घर, आजी-आजोबा गावी. नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत शाळेत आणि सोसायटीत काही ना काही चालू असतं, पण ‘हे आमच्या घरचं’ म्हणावं असं काहीच नाही. मुलांना गंमत वाटेल आणि दरवर्षी जमेल असं काय सुरू करता येईल?

मी 31 वर्षं बालवाडीत शिकवलं. जानेवारीत शाळा भरली की आम्ही मुलांना गोल करून बसवायचो आणि सुट्टीत काय केलं ते विचारायचो. बहुतेक मुलं ‘आम्ही गेलो होतो’ एवढं सांगून थांबायची. कुठे गेलो, काय पाहिलं हे विचारून विचारून काढावं लागायचं. एका वर्षी एक चार वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “मी भाकरीला तीळ लावले.” नुसतं बोलला नाही, डाव्या हातावर उजवा तळवा दाबून कसे लावले ते करून दाखवलं. पुढे जूनमध्ये, बाहेर पाऊस पडत असताना, त्याने मला विचारलं, “बाई, तीळ लावायचा दिवस आता कधी?” सहा महिने तो त्या कामाची वाट पाहत होता. त्याच्या घरी ते काम त्याचं होतं, दुसऱ्या कुणाचं नाही.

गावच्या जत्रेत पाहा. पालखीला पहिला खांदा कुणाचा, अब्दागीर, म्हणजे देवावरची मानाची छत्री, कुणी धरायचं, पहिला नैवेद्य कोणत्या घरचा, हे सगळं ठरलेलं असतं. त्याला आपण मान म्हणतो. मानकरी आला नाही तर पालखी खोळंबते. लहान मुलाला घरात असा एक मान द्या, मग तो सण त्याचा होतो. खर्च किती केला, सजावट किती केली याने फारसा फरक पडत नाही. म्हणून खाली मी जे जे सांगणार आहे त्यात मुलाचा मान कोणता, हे आधी सांगेन. सगळं करू नका. पहिल्या वर्षी दोन, फार तर तीन गोष्टी घ्या आणि पुढच्या वर्षी त्याच, तशाच, त्याच ताटात करा. मोठ्यांना दरवर्षी नवं काही लागतं. लहान मुलांना तेच पुन्हा हवं असतं. अडीच वर्षांच्या मुलाला या वर्षीचं पुढच्या वर्षी आठवणार नाही, तो आत्ताच्या आत्ता आनंद घेईल. पाच वर्षांची मात्र आता वाट पाहायच्या वयात आली आहे. तिच्यासाठी सुरुवात करायला हेच वर्ष योग्य आहे.

माझी पहिली पसंती धुंधुरमासाला. काही घरांत याला झुंजुरमास म्हणतात. 16 डिसेंबरच्या आसपास सूर्य धनु राशीत जातो तेव्हापासून संक्रांतीच्या आदल्या दिवसापर्यंत हा महिना असतो. या दिवसांत पहाटे स्वयंपाक करून सूर्याला नैवेद्य दाखवायचा आणि उगवतीलाच जेवायचं, अशी जुनी रीत आहे. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत, गूळ. पूर्वी काही घरांत महिनाभर चालायचं. तुम्ही नाताळच्या सुट्टीतला एकच दिवस धरा आणि तो दरवर्षीसाठी ठरवून टाका. डिसेंबरचा शेवटचा रविवार म्हणा.

लहान मुलांना पहाटे उठवणं जमणार नाही, असं वाटेल. पण वर्षातल्या बाकी कुठल्याही महिन्यापेक्षा याच महिन्यात ते सोपं असतं. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे मुलांना सव्वासहाला उठवलंत तरी बाहेर अंधार असतो, चांदण्या दिसतात आणि ‘आपण रात्रीच उठलो’ ही गंमत पूर्ण मिळते. माझी मुलगी लंडनजवळ राहते. तिथे त्या दिवसांत सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे तिचं तर आणखी सोपं. ती हा एक सण न चुकता करते. बाजरीचं पीठ जुनं झालेलं असतं आणि भाकऱ्या तुटतात, तरी करते.

तयारी आदल्या रात्रीची. वांगं रात्रीच गॅसवर भाजून, सोलून, झाकून ठेवा. मुलांना ते फुटताना बघू द्या. डाळ-तांदूळ मोजून कुकरच्या भांड्यात ठेवायचं काम मुलीचं. पहाटे घरात मोठा दिवा लावायचा नाही. ओट्यावरचा एक लहान दिवा आणि देवापुढची समई, एवढंच. हा नियम मोडू नका, अर्धी जादू त्या उजेडात आहे. गोधडीत गुंडाळलेली मुलं ओट्याजवळ स्टुलावर. भाकरी थापून झाली की तव्यावर टाकण्याआधी वाटीतले तीळ चिमटीने तिच्यावर टाकायचे आणि ओल्या हाताने हलके दाबायचे. हा मुलीचा मान. अडीच वर्षांच्या मुलाला भाकरी जमणार नाही, त्याला लोण्याचा मान द्या: प्रत्येकाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा तो ठेवेल. सांडेल. खाली जुनं वर्तमानपत्र घाला आणि सांडू द्या. भाकरी येत नसेल तर बाजरीचं थालीपीठ लावा, त्यालाही तीळ लागतात.

मग ताटं घेऊन गॅलरीत किंवा गच्चीवर. पूर्वेला इमारत आड येत असेल तर गच्चीच. सूर्य दिसेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. ही दहा मिनिटं मुलांना फार मोठी वाटतात, त्यांना ती मोठी वाटू द्या. सूर्य दिसला की मुलीने ओरडून सांगायचं, नैवेद्य दाखवायचा आणि जेवायचं.

याच वेळी आणखी एक गोष्ट सुरू करा. मी ती बालवाडीच्या अंगणात अनेक वर्षं केली. सूर्य ज्या जागी उगवला तिथे खडूने खूण करा. गॅलरीच्या कठड्यावर, एका ठरलेल्या फरशीवर उभं राहून. शेजारी तारीख लिहा. दुसरी खूण संक्रांतीला, तिसरी रथसप्तमीला. 21-22 डिसेंबरला सूर्य दक्षिणेकडे अगदी टोकाला उगवतो, तिथून तो हळूहळू उत्तरेकडे, म्हणजे पूर्वेला तोंड करून उभं राहिलं तर आपल्या डावीकडे, सरकायला लागतो. संक्रांतीपर्यंत तो जेमतेम दोन करंगळ्या सरकतो (हात पुढे ताणून करंगळी आडवी नव्हे, उभी धरायची). रथसप्तमीपर्यंतचा फरक मात्र मुलं लांबून ओळखतात. ‘दिवस तिळातिळाने वाढतो’ असं आपण म्हणतो, ते मुलांना इथे डोळ्यांनी दिसतं. पाच वर्षांच्या मुलीला एवढं पुरे.

मोठ्यांसाठी थोडं जास्त. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरात, मग संक्रांत जानेवारीच्या मध्यावर का? आपलं पंचांग राशी ताऱ्यांच्या मागे मोजतं, आणि पृथ्वीचा अक्ष अतिशय मंद गतीने डुलत असल्याने दोन्ही गोष्टींत सुमारे 72 वर्षांना एक दिवस असं अंतर पडत गेलं आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. आज संक्रांत 14 ला येते, अधूनमधून 15 ला. आणखी एक: दिवस मोठा होत असला तरी आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. वाढ होते ती संध्याकाळच्या बाजूला. म्हणून खूण करताना घड्याळाची वेळ लिहून ठेवलीत आणि ती पुढे गेलेली दिसली तर गोंधळू नका.

नाताळचा उल्लेख तुम्ही केलात, त्याबद्दल थेट सांगते. शाळेत सांता येतो, मुलांना तो आवडतो, त्याच्याशी भांडण करायचं काही कारण नाही. मला खटकते ती एकच गोष्ट: ‘शहाण्यासारखा वागलास तरच सांता देईल’ ही धमकी. सणाची भेट कधी बक्षीस किंवा शिक्षा होऊ देऊ नका. आणि नाताळ खरा पाहायचा असेल तर तो ज्यांच्या घरचा आहे त्यांच्याकडे जा. आपल्या वसईत, गोव्यात, मुंबईच्या जुन्या गावठाणांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. घराबाहेर चांदणीचा कंदील, दारात किंवा खिडकीत ख्रिस्तजन्माचा गोठा, नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बेबिंका. गोव्यात शेजाऱ्यांच्या घरी फराळाचं ताट पाठवण्याची रीत आहे. ते ताट आपल्या दिवाळीच्या फराळाच्या ताटाची सख्खी बहीण शोभावं. शेजारी किंवा ऑफिसात ख्रिस्ती कुटुंब असेल तर दिवाळीला तुमच्या मुलीने त्यांच्याकडे ताट न्यायचं आणि नाताळला त्यांचा गोठा बघायला जायचं. जाताना संत्री न्या, डिसेंबरात नागपूरची ताजी असतात. मुलांच्या डोळ्यांना गोठ्यातली गाय, मेंढरं, गवत, छोटी माणसं म्हणजे दिवाळीतल्या किल्ल्याचाच भाऊ. ती तासभर हलणार नाहीत.

आता भोगी. संक्रांतीचा आदला दिवस. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण तुम्हाला माहीत असेल. त्या दिवशीच्या भाजीत थंडीत जे जे येतं ते सगळं पडतं: हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, घेवडा, मटार, तुरीचे दाणे, गाजर, वांगी, शेंगदाणे, तिळाचं कूट, काही घरांत बोरं आणि उसाचे करवेसुद्धा. मुलांसाठी यातली खरी गंमत भाजी खाण्याआधीच्या रात्री असते. जमिनीवर चादर, मधोमध शेंगांचा ढीग, प्रत्येकासमोर आपापलं स्टीलचं पातेलं. टीव्ही बंद. सोलायला बसायचं. दाणे पातेल्यात पडताना जो आवाज येतो तो अडीच वर्षांच्या मुलाला गाण्यासारखा असतो. त्याला मटार द्या, सोपे सुटतात. मुलीला हरभऱ्याचे घाटे आणि पावटा. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, बोटं चाटली की जीभ आंबते. ते तिला सांगू नका, तिला स्वतःलाच कळू द्या. एवढी काळजी घ्या की धाकटा दाणे नाकात किंवा तोंडात घालत नाही ना, त्याच्या शेजारी एक मोठं माणूस कायम बसलेलं असू द्या.

आता हलवा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घरी हलवा करणं जवळजवळ बंद झालं आहे आणि मुलांना त्यासारखं नवल दुसऱ्या कशाचंच वाटत नाही. तीळ हातात घ्यावा, त्याच्यावर साखरेचा पाक घालत जावं आणि चार दिवसांनी त्याच तिळाला काटे फुटलेले दिसावेत. मुलं म्हणतात, “तिळाला थंडी वाजली.” मी दोन-तीन वर्षांत तरी हे वाक्य एकदा ऐकायचेच.

तीळ निवडून हलके भाजून घ्या, वाटीभर पुरे. साखरेत ती बुडेल इतकं पाणी घालून उकळा, चमचाभर दूध घाला म्हणजे मळी वर येईल, ती काढून पाक गाळून घ्या. पाक एकतारीच्या जरा अलीकडे हवा, घट्ट नको. पसरट परात अगदी मंद आचेवर. पूर्वी कोळशाच्या शेगडीवर पितळी परात असायची, गॅसवर करताना आच शक्य तितकी बारीक करून खाली तवा ठेवा. तिळांवर एक चमचा पाक टाका आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहा. पाक सुकला, तीळ मोकळे झाले, की पुढचा चमचा. घाई केली, दोन चमचे एकदम घातले, की तीळ एकमेकांना चिकटतात. खाली पडलेली साखरेची भुकटी अधूनमधून चाळून काढा, नाहीतर काट्यांवर ती बसते आणि हलवा गुळगुळीत होतो. रोज वीस मिनिटं, चार-पाच दिवस. सकाळच्या थंड, कोरड्या हवेत काटा चांगला धरतो. ढगाळ, दमट दिवशी सरळ सुट्टी घ्या.

परातीजवळ मुलांचे हात येता कामा नयेत. साखरेचा पाक पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो अंगाला चिकटून राहतो. ओट्यावर परात, मुलं दोन हात लांब. मुलीचा मान चमचे मोजण्याचा: प्रत्येक चमच्याला एका कागदावर एक रेघ. चार दिवसांत रेघांनी कागद भरतो, आणि तिला मोजणीही येते. रोज काम संपल्यावर, परात गार झाली की, दोन्ही मुलांनी एकेक दाणा बोटांवर घेऊन बघायचा. कालपेक्षा आज किती मोठा? दर दिवसाचा एक दाणा पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून ठेवा, ओळीने पाच दाणे. आमच्या वर्गात तो पुठ्ठा वर्षभर भिंतीवर असायचा.

हलव्याचे दागिने बाजारात तयार मिळतात आणि सुंदर असतात, धाकट्याला मुकुट-बासरी हवी असेल तर खुशाल विकत घ्या. घरचा ओबडधोबड हलवा मात्र बाहुलीसाठी ठेवा. पुठ्ठ्याची लहानशी पट्टी, तिच्यावर डिंक, त्यावर हलवा दाबून बसवायचा: झाला बाहुलीचा कमरपट्टा. पाच वर्षांच्या बोटांना हे जमतं. आणि मग मुलगी बाहुलीचं बोरन्हाण करील. हे मी अगदी मनापासून सुचवते. तिचं स्वतःचं बोरन्हाण होऊन गेलं, आता धाकट्याचं कौतुक चाललंय, अशा वर्षी मोठी मुलं चिडचिडी होतात. बाहुलीची आई म्हणून तिला पाटावर बसायला जागा दिली की ती धाकट्याच्या बोरन्हाणात पुढे होऊन मदत करते.

बोरन्हाण म्हणजे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी मुलाला पाटावर बसवून, औक्षण करून, डोक्यावरून बोरं, हरभरे, उसाचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, हलवा यांचा अभिषेक. काळे कपडे, कारण थंडीत काळं ऊब धरतं. बहुतेक घरांत पाच वर्षांपर्यंत करतात. माझ्या मुलाचं पहिलं बोरन्हाण आम्ही चाळीस माणसं बोलावून केलं. हॉलमध्ये मोठा आवाज, सगळ्यांचे कॅमेरे, आणि दहा महिन्यांचं पोर काळ्या चकचकीत कपड्यांत घामाघूम होऊन रडतंय. वरून शेंगा कपाळावर लागल्या. मला आजही ते फोटो बघवत नाहीत. दुसऱ्या वर्षी घरची चार माणसं आणि शेजारची सहा मुलं, एवढंच केलं आणि तो हसत बसला.

म्हणून ठासून सांगते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी अख्खे शेंगदाणे, हरभरे, हलवा, गोळ्या, बिया असलेली बोरं आणि उसाचे तुकडे धोक्याचे आहेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात, आणि बोरन्हाणात मुलं हे सगळं जमिनीवरून उचलून, धावत, हसत तोंडात घालतात. तेच सर्वांत घातक. वर्षाच्या आतल्या बाळावर फक्त फुलांच्या पाकळ्या आणि मूठभर चुरमुरे, तेही मांडीवर बसवून, आणि पडलेलं लगेच उचलून घ्या. तुमच्या अडीच वर्षांच्या मुलासाठी चुरमुरे, फुलं आणि मोठी, अख्खी गाजरं-संत्री बाजूला टोपलीत ठेवायला. बोरं आणि शेंगा टाकायच्याच असतील तर त्या न सोललेल्या, मोठ्या, मोजक्या, आणि टाकायच्या त्या डोक्याच्या अगदी जवळून, वाटीने ओतल्यासारख्या. खाली एक मोठी चादर अंथरा. जमलेल्या मुलांना नियम सांगा: आधी वेचून आपल्या पिशवीत, खाणं नंतर, बसून. पिशव्या घरी जाताना आईच्या हातात. हलव्याचा हार मागे सैल गाठीचा असू द्या आणि औक्षण झालं की काढून ठेवा, दोरा गळ्यात ठेवून मूल खेळायला सोडू नका.

यात मुलीचा मान? पहिली ओंजळ तिची. आजी आली असेल तरी पहिली तिची, आजी समजून घेते.

तिळगुळाचं थोडक्यात. चिक्कीच्या गुळाचे लाडू कढत असतानाच वळावे लागतात, ते लहान हातांसाठी नाहीत. त्याऐवजी भाजलेले तीळ दोन वाट्या, दाण्याचं कूट एक वाटी, चिरलेला साधा गूळ दीड वाटी, वेलची, चमचाभर तूप, सगळं मिक्सरमधून एकदा फिरवलं की हाताने वळता येतं आणि मऊ राहतं. मुलं वळतील, वाकडे होतील, तसेच द्या. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणत मोठ्यांच्या पाया पडणं मुलांना शिकवतोच आपण. माझ्या घरी अजून एक फेरी असायची: पहिला तिळगूळ ज्याच्याशी गेल्या महिन्यात भांडण झालं त्याला. मुलं नाव बरोबर लक्षात ठेवतात. दारात उभी राहतात, लाजतात, हात पुढे करतात. आणि इमारतीचे वॉचमन, इस्त्रीवाले, कचरा नेणाऱ्या मावशी यांना देताना मुलांना त्यांची नावं माहीत हवीत, नावाने हाक मारून द्यायला सांगा. नाव माहीत नसेल तर आदल्या दिवशी विचारून ठेवायचं काम मुलीचं.

पतंग या वयात मोठ्यांनी उडवायचा आणि मुलांनी ढील देताना रीळ धरायची. मांजा साधा सुती. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली आहे. तो पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापतो, घरात आणूच नका. पतंगाला शेपूट चिकटवणं हा धाकट्याचा मान होऊ शकतो.

गावी आजी-आजोबा आहेत म्हणालात. ते कुठल्या भागात आहेत त्याप्रमाणे एखादी सहल त्यांच्याकडची धरा, कारण थंडीतलं रानातलं जेवण मुलांना शहरात देताच येत नाही. माझं बालपण बार्शीकडचं. ज्वारीचं कणीस दुधात आलं की शेतात खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी पेटायची, तिच्यात कणसं भाजायची आणि गरमागरम कणीस तळव्यांवर चोळून हुरडा काढून आजोबा आमच्या हातावर ठेवायचे. कणीस निवडून आणणं हे आमचं काम होतं. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला अख्खी गावं शेतात जेवायला जातात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करून पांडवांची पूजा होते, आणि आंबील, भज्जी, उंडे असं जेवण असतं. अलिबागकडे मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरून, मडकं उलटं करून भोवती जाळ लावतात, ती पोपटी. यातलं आपल्या माणसांकडचं जे असेल ते घ्या. तिकीट काढून जायच्या हुरडा पार्ट्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तिथे मुलांना करायला काही काम नसतं, ताट हातात येतं आणि गाणी कानठळ्या बसवतात.

शेवटी रथसप्तमी, माघ शुद्ध सप्तमी. दारात किंवा गॅलरीत सूर्याच्या रथाची रांगोळी, सात घोडे. घोडे काढायला जमत नसतील तर सात रेघा, मुलं त्यांनाच घोडे म्हणतील. मातीच्या बोळक्यात दूध ठेवून, गोवऱ्या पेटवून, ते उतू जाऊ द्यायचं. फ्लॅटमध्ये गोवरीचा धूर चालत नसेल तर छोट्या शेगडीवर किंवा ओट्यावरच लहान पातेलीत ठेवा, खाली ताट. वर्षभर ‘दूध उतू गेलं’ म्हणून घरात आरडाओरडा होतो आणि या एका दिवशी सगळे ते उतू जायची वाट पाहत उभे असतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना याहून मोठा आनंद मी पाहिलेला नाही. दूध कुठल्या बाजूने सांडणार, याचा अंदाज आधी प्रत्येकाने सांगायचा. मुलं जाळापासून लांब, रेघ आखून तिच्यामागे. उरलेल्या दुधात तांदूळ घालून खीर करा.

त्याच सकाळी कठड्यावर तिसरी खूण करा आणि एक साधी वही उघडा. या वर्षी कुणाचा मान काय होता, हलव्याला किती चमचे लागले, धुंधुरमासाला कोण झोपेतून उठलंच नाही, ते मुलीच्या तोंडून ऐकून जसंच्या तसं लिहा. खाली दोघांच्या पंजांची बाह्यरेषा पेन्सिलीने काढा. पुढच्या डिसेंबरात हीच वही बघून मुलं तुम्हाला आठवण करून देतील. बाहुलीचे दागिने पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि उरलेला हलवा काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून कोरड्या जागी ठेवा. जूनची हवा लागली की काटा पाघळतो.